जुन्या इंजेक्शन मोटरसायकलची दुरुस्ती : इंदूर, जानेवारी ते मार्च २०२५ च्या नोंदी

५ जानेवारी २०२५, राजेंद्रनगर

गाडी आज घरी आली. २०१८ च्या अखेरीस नोंदलेली, बीएस-४, अडीचशे सीसी वर्गातली, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी इंधन-इंजेक्शन मोटरसायकल आहे. मीटरवर ४१,००० किलोमीटरांहून थोडे अधिक दिसते आणि किंमत ६४,००० रुपये ठरली. मॉडेलचे नाव येथे देत नाही, कारण सहा वर्षे वापरलेल्या गाडीत जे दोष असतात ते बहुतेक करून वापराचे आणि देखभालीचे असतात, आणि या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची पेट्रोल पुरवण्याची रचना इतकी सारखी असते की या नोंदी दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर काम करणाऱ्यालाही उपयोगी पडाव्यात.

कागदपत्रांचे काम आधी उरकले. आरसीवर जुन्या कर्जाची नोंद तशीच होती, म्हणून बँकेचे ना-हरकत पत्र आणि कर्जाची नोंद उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात पडल्यावरच उरलेली रक्कम दिली. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आहेत. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, तो उद्याच करणार आहे.

आता तक्रारी. थंड इंजिन सकाळी सेल्फवर बराच वेळ फिरवावे लागते. चालू झाल्यावर स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने फिरते तो वेग, स्थिर राहत नाही, गरम झाल्यावर मिनिटाला १,४०० आणि २,००० फेऱ्यांच्या दरम्यान खालीवर होत राहतो. सावकाश चालवताना गाडी बरी चालते, पण एकदम रेस दिली की क्षणभर थांबते आणि मग झटका देऊन पुढे जाते. रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करायची म्हटली की ती लगेच चालू होत नाही. प्लग काढून पाहिला तर त्याचे चिनीमातीचे टोक पांढुरके होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे.

ज्यांनी गाडी पाहिली त्यांच्यापैकी एका मेकॅनिकने इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग, बदलायला सांगितले, दुसऱ्याने संपूर्ण फ्युएल पंप. दोघांचाही अनुभव मोठा आहे, पण दोघांनीही काही मोजले नव्हते. कार्ब्युरेटरच्या गाडीवर कान आणि हात बरेच काही सांगून जातात, कारण तिथे जेट, सुई आणि फ्लोट एवढाच कारभार असतो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, ठरवतो, आणि तो ज्या सेन्सरांवर विसंबून ठरवतो त्यांचे आकडे पाहिल्याशिवाय दोष कुठे आहे हे सांगता येत नाही. म्हणून हे काम मापांच्या आधारे करायचे आणि मोजल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घ्यायचा नाही असे ठरवले आहे.

९ जानेवारी

सुरुवात विजेपासून केली, कारण पंप, इंजेक्टर, ठिणगी देणारी कॉइल आणि ईसीयू हे सगळे त्याच बॅटरीवर चालतात.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.५ व्होल्ट मिळाले. सेल्फ मारताना व्होल्ट ९.९ पर्यंत खाली आले, जे चालण्यासारखे आहे. इंजिन ४,००० फेऱ्यांवर असताना चार्जिंग १४.२ होते. चेक इंजिनचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागतो आणि इंजिन चालू झाल्यावर विझतो. या गाडीत निदानाच्या कपलरची वायर अर्थला जोडली की दिवा लांब आणि आखूड उघडझापीतून दोषाचा क्रमांक दाखवतो. तो पाहिला, पण एकही दोष नोंदलेला नव्हता. याचा अर्थ दोष नाही असा मुळीच होत नाही. सेन्सरचा आकडा शक्य त्या मर्यादेच्या बाहेर गेला तरच ईसीयू त्याला दोष मानतो, आणि पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सर तर या वर्गातल्या गाड्यांत नसतोच.

आमच्या गल्लीतले एक काका वीज मंडळात वायरमन होते. ते उभे राहून पाहत होते, आणि मी बॅटरीचे आकडे वहीत लिहीत असताना म्हणाले, “अरे, बॅटरीवर व्होल्ट मोजून अर्धेच कळते. जिथे खर्च होतात तिथे मोज.” म्हणून टाकी वर उचलून पंपाच्या कपलरवर, पंप चालू असताना मोजले. तिथे ११.३ व्होल्टच पोचत होते. बॅटरीपासून पंपापर्यंत सव्वा व्होल्टाची गळती म्हणजे वाटेत कुठेतरी विरोध (रेझिस्टन्स) आहे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे पंपाच्या अर्थच्या वायरवर ठेवल्यावर एकट्या अर्थच्या बाजूला ०.८ व्होल्ट सापडले. फ्रेमला जिथे अर्थची रिंग बसवलेली असते तिथे बोल्टखाली गंज आणि रंग होता. तो घासून स्वच्छ केला, रिंग नवी लावली, वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस दिले आणि रिलेच्या पायांवरची हिरवट पुटे काढली. आता पंपापाशी १२.१ व्होल्ट मिळतात.

सकाळी चालू होणे थोडे सुधारले. बाकीच्या तक्रारी जशाच्या तशा आहेत.

१२ जानेवारी

दोष नेमका केव्हा येतो हे कळण्यासाठी चढ हवा होता, म्हणून तेजाजीनगरवरून खंडवा रस्त्याने सिमरोल ओलांडून भेरूघाटापर्यंत गेलो.

सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवर गाडी निमूटपणे चालते. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पाऊण उघडला आणि इंजिन ५,००० फेऱ्यांच्या पुढे गेले की जोर हळूहळू ओसरतो. थ्रॉटल जरा कमी केला की दोन क्षणांत पुन्हा जोर येतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ठिणगी चुकत असेल तर इंजिन तुटक झटके देते आणि प्रत्येक झटका वेगळा जाणवतो, तर पेट्रोल कमी पडत असेल तर शक्ती मऊपणे खचते आणि मागणी कमी केल्यावर सावरते. येथे दुसरा प्रकार होता.

टाकीचा ब्रीदर बंद असला तरीही असेच होते, कारण आत हवा शिरली नाही तर पेट्रोल बाहेर येताना टाकीत निर्वात तयार होतो. म्हणून थांबून टाकीचे झाकण सैल केले आणि तोच चढ पुन्हा चढलो. काही फरक पडला नाही, त्यामुळे ब्रीदर यादीतून गेला. परत आल्यावर कॉइलचा प्राथमिक आणि दुय्यम विरोध पुस्तिकेतल्या मर्यादेत आढळला.

१८ जानेवारी

आज पेट्रोलचा दाब मोजला. या सगळ्या कामातले सर्वांत महत्त्वाचे माप हेच आहे, आणि आश्चर्य वाटावे इतक्या थोड्या ठिकाणी ते घेतले जाते.

पंप आणि इंजेक्टरच्या मधल्या नळीत टी-जोड बसवून त्यावर शून्य ते सात बारचे गेज लावायचे. गेज, टी आणि जोडनळ्यांना मिळून १,४५० रुपये लागले. हे काम करण्याआधी नळीतला दाब उतरवावा लागतो. पंपाचे कपलर काढून इंजिन चालू करायचे आणि नळीतले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचे. त्यानंतर बॅटरीची ऋण वायर सोडायची. हे न करता नळी सोडली तर पेट्रोलचा फवारा थेट गरम इंजिनवर उडतो. काम मोकळ्या अंगणात केले आणि जवळ कोरड्या पावडरचे अग्निशामक ठेवले होते.

या गाडीला २५० किलोपास्कल दाब हवा. मिळालेले आकडे असे : किल्ली फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो तेव्हा २१०, स्लोवर २०५, रेस एकदम उघडल्यावर १६०. किल्ली बंद केल्यावर तर काही सेकंदांतच काटा शून्यावर आला.

या आकड्यांतून जवळजवळ सगळ्या तक्रारी उलगडतात. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. २५० ऐवजी २०५ दाब असेल तर पेट्रोल सुमारे नऊ-दहा टक्के कमी जाते, आणि १६० असेल तर वीस टक्के कमी. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू ठरवतो, पण तो दाब पुरेसा आहे असे गृहीत धरूनच ठरवतो. सावकाश चालवताना धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आकड्यावरून ईसीयू ही कमतरता ओळखून ती भरून काढतो, म्हणून सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही. थ्रॉटल जास्त उघडल्यावर ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे पाहणे सोडून देतो आणि आपल्या आत साठवलेल्या आकड्यांच्या तक्त्यावर चालतो, तेव्हा कमतरता उघडी पडते. किल्ली बंद केल्यावर दाब टिकत नाही, म्हणून गरम इंजिनाच्या शेजारच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी दहा मिनिटांनी लगेच चालू होत नाही.

इंजेक्टरही तपासून घेतला, म्हणजे तो प्रश्न कायमचा मिटला. त्याच्या कॉइलचा विरोध १२ ओहमच्या जवळपास निघाला, आणि सफाईच्या यंत्रावर लावल्यावर फवारा सारखा आणि सुईएवढी गळतीही नसलेला दिसला. यंत्रावरच्या तपासणीला ४०० रुपये पडले. इंजेक्टर बदलायचा सल्ला ऐकला असता तर नवा भाग लागला असता आणि गाडी तशीच राहिली असती.

१९ जानेवारी

टाकी रिकामी करून पंपाचे संपूर्ण मॉड्यूल, म्हणजे पंप, गाळणी आणि नळी यांचा एकत्र संच, बाहेर काढले. गाळणी तपकिरी होऊन अर्धी बुजलेली होती, पण मुख्य दोष तिच्यात नव्हता. पंपाच्या तोंडापासून मॉड्यूलच्या टोपीपर्यंत जाणारी दीड वीत लांबीची नळी क्लॅम्पखाली चिरली होती आणि बोटाने दाबली की दबत होती. पंप दाब देत होता, पण त्यातला मोठा भाग त्या चिरेतून टाकीतल्या टाकीतच परत जात होता. बाहेर पेट्रोलचा एक थेंबही गळत नसल्यामुळे हा दोष वरून पाहून सापडणे अशक्यच होते.

ही नळी मूळची नव्हती. तिच्यावर कोणताही छाप नव्हता, आणि क्लॅम्प स्क्रूने आवळायचा, कडेला दाते असलेला होता. म्हणजे आधी कधीतरी पंप उघडून साधी पेट्रोलची नळी लावण्यात आली होती. साधी नळी आतून पेट्रोल सहन करण्यासाठी बनवलेली असते. बाहेरूनही ती सतत पेट्रोलात बुडालेली राहिली की तिचे बाहेरचे रबर फुगते आणि मऊ पडते. टाकीच्या आत वापरायची नळी वेगळी असते. तिच्यावर एसएई ३०आर१० असा छाप असतो आणि ती आतबाहेर दोन्हीकडून इंधनात बुडून राहण्यासाठी केलेली असते.

एथेनॉलचा भाग किती आहे हे पाहावे म्हणून टाकीतल्या पेट्रोलवर पाण्याची चाचणी केली. शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घेऊन पेट्रोलने ते शंभरपर्यंत भरायचे, झाकण लावून चांगले हलवायचे आणि उभे ठेवायचे. एथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातो, म्हणून खालचा थर वाढतो. तो २७ पर्यंत वाढला, म्हणजे ९० मिलिलिटर पेट्रोलात सुमारे १७ मिलिलिटर, जवळजवळ एकोणीस टक्के एथेनॉल होता. ही चाचणी ढोबळ आहे, पण २०१८ च्या गाडीत आज कोणते इंधन पडते हे त्यातून दिसते. एथेनॉल पाणी ओढून घेतो आणि निकृष्ट रबराला लवकर मऊ करतो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने टाकीच्या आतली नळी आवर्जून पाहावी असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

२५ जानेवारी

गेले काही दिवस नळीच्या शोधातच गेले. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत ८ मिलिमीटरची नळी हव्या तितक्या प्रकारांत मिळते, पण ३०आर१० छापाची कुणाकडेच नव्हती, आणि “हीच सगळे लावतात” असे सांगून पुढे केलेली नळी नेमकी ती होती जी माझ्या टाकीतून चिरलेली निघाली. गाडीच्या मूळ भागांच्या विक्रेत्याकडे ही नळी सुटी मिळत नाही. तिच्यासाठी ६,२०० रुपयांचे संपूर्ण मॉड्यूल घ्यावे लागते. शेवटी पुण्याहून कुरिअरने अर्धा मीटर नळी मागवली. पाठवणीसह ६४० रुपये पडले. सोबत कडा गुळगुळीत असलेले इंजेक्शनचे क्लॅम्प १२० रुपयांना, नवी गाळणी ३५० रुपयांना आणि मॉड्यूलची ओ-रिंग १८० रुपयांना घेतली.

जुनी ओ-रिंग पुन्हा लावू नये. पेट्रोलात राहून ती थोडी लांबलेली असते, आणि खोबणीत नीट न बसल्यामुळे टाकी भरल्यावर वरून पेट्रोल पाझरते.

२६ जानेवारी

मॉड्यूल जोडून टाकीत बसवले. टाकीच्या तळाशी साचलेले तपकिरी पाणी आणि गंजाचे कण आधीच कापडाने टिपून काढले होते. किल्ली फिरवल्याबरोबर गेज २५० वर गेले. स्लोवर २५०, रेस उघडल्यावरही २४५ च्या खाली गेले नाही. किल्ली बंद करून पाच मिनिटांनी २०० शिल्लक होते.

दुपारी भेरूघाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी थ्रॉटल पूर्ण उघडून शेवटपर्यंत चढली. गरम गाडी थांबवून पुन्हा चालू करताना सेल्फला बोट लावताच इंजिन सुरू झाले. इतक्या आठवड्यांचा त्रास एका चिरलेल्या नळीत होता हे पाहून खरोखर समाधान वाटले.

२ फेब्रुवारी

गाडी आता दुसऱ्या टोकाला गेली आहे. सकाळी चालू करताना सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो, थंड इंजिन जड आणि घोगऱ्या आवाजात चालते, आणि थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन क्षणभर गुदमरते. प्लग नवा घातला होता, १९० रुपयांचा. त्याच्यावर काजळी आली आहे. टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत मोजलेले अॅव्हरेज लिटरला ३३ किलोमीटर आहे, जे या इंजिनासाठी कमी आहे.

पहिला विचार असा आला की ईसीयूने कमी दाबाच्या काळात जास्त पेट्रोल सोडायला शिकून घेतले असेल आणि ते विसरायला त्याला वेळ लागेल. काही ईसीयू असे शिकतात. म्हणून आठवडाभर रोजच्या वापरात गाडी चालवली. फरक पडला नाही.

दाब पुस्तिकेत आहे तितका, इंजेक्टर गळत नाही, हवेचा फिल्टर स्वच्छ. मग ईसीयू स्वतःहून जास्त पेट्रोल सोडत आहे, आणि तो तसे करतो तेव्हा कोणत्या तरी सेन्सरने त्याला तसे सांगितलेले असते. आता सेन्सरांचे चालू आकडे पाहणे भाग आहे.

८ फेब्रुवारी

पलासियाकडच्या एका वर्कशॉपमध्ये या ईसीयूशी बोलणारे स्कॅनर आहे. त्यांना विनंती करून गाडी संध्याकाळीच त्यांच्याकडे ठेवली, म्हणजे रात्रभर ती पूर्ण थंड होईल. सकाळी इंजिन चालू न करता फक्त किल्ली फिरवून आकडे पाहिले. तपासणीचे ३०० रुपये झाले.

ही चाचणी कुणीही करण्यासारखी आहे आणि तिच्यामागचा विचार अगदी सोपा आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत इंजिनाचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि बाहेरच्या थर्मामीटरचे तापमान हे तिन्ही आकडे सारखे असले पाहिजेत, कारण तिथे गरम काहीच नसते. थर्मामीटर १९ अंश सेल्सिअस दाखवत होता. इंजिनाचा सेन्सर १९ दाखवत होता. हवेचा सेन्सर ४ अंश दाखवत होता.

इंदुरात फेब्रुवारीच्या सकाळी दहा वाजता हवा ४ अंश नसते. पण ४ अंश हा अशक्य आकडाही नाही, म्हणूनच ईसीयूने तो दोष म्हणून नोंदला नव्हता. थंड हवा दाट असते, दाट हवेला जास्त पेट्रोल लागते, आणि ईसीयू आपल्या परीने योग्य तेच करत होता.

घरी आणून हवेच्या सेन्सरपासून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, तपासत गेलो. सेन्सरचा स्वतःचा विरोध बरोबर होता. कपलरपासून थोड्या अंतरावर हार्नेसवर मूळ टेपपेक्षा वेगळ्या चमकीची काळी टेप गुंडाळलेली सापडली. ती सोडवल्यावर आत २.२ किलोओहमचा रेझिस्टर सेन्सरच्या वायरीत मालिकेत टाचलेला होता.

हे तापमान सेन्सर गरम झाले की त्यांचा विरोध कमी होतो आणि थंड झाले की वाढतो. विरोध बाहेरून वाढवला की ईसीयूला हवा आहे त्यापेक्षा थंड वाटते. पेट्रोल वाढवण्यासाठी हा उपाय केला जातो हे मला माहीत होते, पण तो या गाडीत का केला असावा हे आज कळले. दुपारच्या ३० अंश हवेत हा रेझिस्टर ईसीयूला सुमारे ९ अंश दाखवतो. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून ३०३ केल्विनच्या जागी २८२ केल्विन धरून ईसीयू सात ते आठ टक्के पेट्रोल जास्त सोडतो. स्लोवर कमी दाबामुळे नऊ-दहा टक्के पेट्रोल कमी जात होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र पुरे होते. ज्याने कुणी हा रेझिस्टर लावला त्याला स्लोवर आणि साध्या चालीत गाडी सुधारल्यासारखी वाटली असणार, आणि घाटातली वीस टक्क्यांची तूट मात्र पुरती भरून निघाली नसणार. चिरलेली नळी आणि हा रेझिस्टर एकमेकांना झाकून ठेवत होते, म्हणूनच एक काढल्याबरोबर दुसरा उघड झाला.

जी गाडी दुरुस्तीनंतर उलट्या दिशेने बिघडते, तिच्यात केलेली दुरुस्ती चुकीची होती असे मानून ती काढून टाकू नये. दाब २५० आहे हे गेजने दाखवले होते, म्हणूनच मी नळीकडे परत गेलो नाही.

९ फेब्रुवारी

रेझिस्टर काढला. वायरचे तुकडे नुसते पिळून टेप लावणे हा या जागी उपाय नाही, कारण पावसाळ्यात ओल आत शिरते आणि काही महिन्यांत तोच विरोध गंजाच्या रूपाने परत येतो. वायर डाग देऊन जोडली, वरून आत गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवली आणि कपलरच्या सैल झालेल्या पिना बदलल्या. सगळे मिळून ९० रुपये. मल्टिमीटरने सेन्सरपासून ईसीयूच्या कपलरपर्यंतचा विरोध मोजला, तो अर्ध्या ओहमपेक्षा कमी आहे.

अशाच वेगळ्या टेपच्या शोधात उरलेला हार्नेसही पाहिला. आणखी काही सापडले नाही. ऑक्सिजन सेन्सरची वायर अखंड आहे, आणि इंजिन गरम झाल्यावर त्याचा आकडा ०.१ आणि ०.८ व्होल्टच्या दरम्यान सतत खालीवर होतो, म्हणजे तो जिवंत आहे आणि ईसीयू त्याचे ऐकतो आहे. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सतत जास्त पेट्रोल मिळाल्याने तापून खराब होऊ शकतो. हलवून पाहिल्यावर आत खडखड होत नाही, एवढे तूर्त पुरेसे मानतो.

१६ फेब्रुवारी

उरलेली तक्रार म्हणजे स्लोचे खालीवर होणे. इंजिन चालू ठेवून थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या रबरावर स्प्रेच्या बाटलीतून पाणी मारले. खालच्या बाजूला पाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलला. येथे पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारणारे पुष्कळ आहेत, पण गरम इंजिनावर ते धोक्याचे आहे आणि पाण्यानेही उत्तर मिळते. रबर काढल्यावर खालून तडा दिसला. नवे ४८० रुपयांना बसवले.

त्याच वेळी थ्रॉटल बॉडी स्वच्छ केली. क्लीनर कापडावर घेऊन पुसली, आत थेट फवारला नाही, कारण तो थ्रॉटलच्या शाफ्टमधून पोझिशन सेन्सरपर्यंत जाऊ शकतो. थ्रॉटलची पाती ज्या स्क्रूवर टेकते तो कारखान्यात बसवून रंगाने खूण केलेला असतो. त्याला हात लावू नये. स्लो जुळवण्यासाठी हवेचा वेगळा स्क्रू आहे. थ्रॉटल बंद असताना पोझिशन सेन्सरचा आकडा ०.६६ व्होल्ट निघाला आणि हळूहळू उघडताना कुठेही उडी न मारता वाढत गेला, म्हणून तो तसाच ठेवला.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट, पूर्ण थंड इंजिनावर फीलर गेजने पाहिले. इनलेटचा बरोबर होता, एग्झॉस्टचा ०.०८ मिलिमीटर म्हणजे घट्ट होता, तो पुस्तिकेप्रमाणे ०.१४ वर आणला. कव्हरचे गॅस्केट १५० रुपये. घट्ट टॅपेटचा आवाज येत नाही, उलट इंजिन शांत वाटते, आणि म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच राहून व्हॉल्व्ह जळू शकतो. गाडी कितीही चांगली चालत असली तरी जुन्या गाडीचे टॅपेट एकदा मोजावेतच.

स्लो आता १,४०० वर स्थिर आहे.

२ मार्च

अॅव्हरेज टाकी भरून मोजले, शहरात आणि बाहेर मिळून लिटरला ३८ किलोमीटर. इंदुरात पेट्रोल १०६ रुपयांच्या पुढे असताना ३३ वरून ३८ हा फरक रोज गाडी वापरणाऱ्याच्या खिशाला जाणवतो. प्लगचे टोक फिकट तपकिरी आहे. सकाळी पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू होते. पीयूसी केंद्रावर तपासणी झाली आणि नवे प्रमाणपत्र मिळाले.

९ मार्च

खर्च लिहून ठेवतो. गेज आणि जोड १,४५०, इंजेक्टरची तपासणी ४००, अर्थ आणि रिलेचे काम २६०, नळी ६४०, क्लॅम्प १२०, गाळणी ३५०, ओ-रिंग १८०, स्कॅनर ३००, हार्नेसची जोडणी ९०, इनटेकचे रबर ४८०, टॅपेट कव्हरचे गॅस्केट १५०, प्लग १९० आणि क्लीनर २२०. एकूण ४,८३० रुपये. यातला सर्वांत मोठा आकडा गेजचा आहे आणि ते माझ्याकडे राहणार आहे. सांगितलेला पंप घेतला असता तर त्याच्याबरोबर नवी नळी आली असती, घाटातला दोष गेला असता, पण रेझिस्टर तसाच राहून गाडी जास्त पेट्रोल खाऊ लागली असती, आणि मग नव्या पंपावर संशय गेला असता.

दोन गोष्टी बाकी आहेत. मे महिन्यात हवा ४० अंशांच्या पुढे गेल्यावर गरम गाडीचा दाब पुन्हा मोजायचा आहे. किल्ली बंद करून पाच मिनिटांनी २०० पेक्षा बराच कमी आला तर पंपातला उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह पाहावा लागेल. आणि पावसाळा संपल्यावर मॉड्यूल एकदा बाहेर काढून नवी नळी बोटाने दाबून पाहायची आहे, त्यासाठी एक जादा ओ-रिंग आत्ताच आणून ठेवली आहे.